दावं

परवा एक गंमत झाली. सकाळी चहा पिता पिता मी पेपरातली बातमी मोठ्याने वाचत होतो. कुठल्याशा पुढाऱ्याने दुसऱ्यावर आरोप केला होता, की यांनी आपला पक्ष अमक्यातमक्याच्या दावणीला नेऊन बांधला. शेजारी दहावीतली लेक बसली होती. तिने विचारलं, "बाबा, दावण म्हणजे काय हो?"

"अगं, गोठ्यात गुरं ओळीने बांधतात ना, ती दावण. प्रत्येकाच्या गळ्यात एक दावं असतं आणि..."

"दावे? कोर्टातले?"

मी हसलो, पण नंतर वाटलं की तिचं काय चुकलं? आमच्या घरात तिने ऐकलेले दावे कोर्टातलेच. गावाकडच्या जमिनीच्या वाटणीचा एक दावा ती जन्मायच्या आधीपासून चालू आहे. फोनवर चुलत्यांशी बोलताना हा शब्द आठवड्यातून एकदा तरी निघतो. गोठा मात्र तिने पाहिला तो रिकामाच.

असो. पण त्या दिवसापासून हा शब्द डोक्यातून जाईना.

दावं म्हणजे गुराला खुंट्याला बांधायची दोरी. लिहिताना दावे, बोलताना दावं. लांबी चार-पाच हात, एका टोकाला फासा, दुसऱ्या टोकाला गाठ. दोरी म्हटलं की आज आपल्याला एकच वस्तू दिसते, पण आमच्या लहानपणी वाड्यात जितकी कामं तितक्या दोऱ्या होत्या आणि प्रत्येकीला वेगळं नाव होतं. बैलाच्या नाकात वेसण, तोंडावर म्होरकी, हाकणाऱ्याच्या हातात कासरा. मोटेला जाडजूड नाडा आणि मोटेच्या सोंडेला बारीक सोंदूर. गाडीवर कडबा आवळायला चऱ्हाट. दूधदुभतं मांजरापासून वाचवायला शिंकं. यातला एक शब्द चुकवला तर वडीलधारी माणसं हसायची. 'कासरा आण' म्हटल्यावर पोरगं दावं घेऊन आलं, की ते शिकलेलं पण बिनकामाचं, असं ठरूनच जायचं!

आता लेकीच्या प्रश्नाकडे येऊ. कोर्टातला दावा आणि गोठ्यातलं दावं यांचं काही नातं आहे का? काडीचंही नाही. कोर्टातला दावा अरबी. फारसीच्या बोटाला धरून तो आपल्या दप्तरात आला आणि इथलाच होऊन गेला. तो पुल्लिंगी, म्हणून अनेकवचन 'दावे'. गोठ्यातलं दावं नपुंसकलिंगी, त्याचं अनेकवचन 'दावी'. पूर्वी कागदावरही दोघांत फरक दिसायचा. जुन्या लेखनात गोठ्यातला शब्द 'दावें' असा डोक्यावर अनुस्वार घेऊन यायचा. १९६२च्या नव्या शुद्धलेखन नियमांनी असले न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि गोठा व कोर्ट कागदावर सारखेच दिसू लागले. तेव्हा माझ्या लेकीच्या गोंधळाला थोडं शुद्धलेखनही जबाबदार आहे म्हणायचं.

पण हा शब्द आला कुठून? संस्कृतात दोरीला एक शब्द आहे, 'दामन्'. बांधणे या अर्थाच्या धातूपासून आलेला. संस्कृतातून प्राकृतात आणि तिथून मराठीत येताना दोन स्वरांमधल्या 'म'चा बऱ्याचदा 'व' झाला आणि जाता जाता तो नाकातला सूर मागे ठेवून गेला. ग्रामचं गाव झालं, नामचं नाव झालं, आमलकचा आवळा, श्यामलचा सावळा, कोमलचा कोवळा. त्याच वाटेने दामचं दावें झालं. गाव आणि नाव यांच्यावर पूर्वी अनुस्वार असायचा, जुनी पुस्तकं उघडून पाहा.

'दावण'चीही तीच कथा. अमरकोशात 'दामनी' असा शब्द आहे आणि त्याचा अर्थ दिलाय जनावरांची दोरी. एक लांब दोर ताणायचा आणि त्याला आखूड दोऱ्यांनी वासरं ओळीने बांधायची, ती दामनी. आमच्या गोठ्यात अगदी हेच होतं. शब्द झिजला, पण बांधायची तऱ्हा बदलली नाही.

आणि हा शब्द जुना तरी किती! ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात वरुणाचं एक सूक्त आहे. त्यात भक्त वरुणाला विनवतो, की वासराचं दावं सोडावं तसं माझं संकट सोडव. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ तसाच बसलो होतो. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला देवापुढे दाखला द्यायला सुचलं ते धार काढायच्या वेळचं दृश्य. संध्याकाळी दावं सोडल्यावर वासरू गाईकडे जी झेप घेतं, ती ज्याने पाहिली आहे त्याला या प्रार्थनेवर भाष्य लागत नाही.

या शब्दाची भावकी बाहेरही आहे. ग्रीक भाषेत याच मुळापासून 'डायडेमा' हा शब्द झाला, राजाच्या कपाळाभोवती बांधायची पट्टी. पुढे त्यातूनच युरोपात मुकुटाला एक नाव मिळालं. तिकडे राजाच्या डोक्यावर चढला आणि इकडे वासराच्या गळ्यात राहिला. एकाच घरातल्या दोन भावांची नशिबं वेगळी असतात, तसंच काहीसं.

आपल्याकडेही असाच एक भाऊ आहे, 'रज्जू'. त्याने मोठी नोकरी मिळवली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रज्जू हे लांबीचं माप आहे, दहा दंडांचा एक रज्जू. अशोकाच्या लेखांत 'राजूक' नावाचे अधिकारी येतात. जमीन मोजायच्या रज्जूवरूनच हे नाव पडलं असं बरेच अभ्यासक मानतात. पुढे वेदान्त्यांनी अंधारातल्या दोरीवर साप भासवला आणि रज्जू तत्त्वज्ञानात गेला. आज तो शाळेच्या पुस्तकात 'मेरुरज्जू' म्हणून भेटतो. इतका मान मिळाला, पण रज्जूने कुणी कधी म्हैस बांधली नाही. दाम मात्र कचेरीत गेला नाही, गोठ्यातच राहिला आणि म्हणून तोंडात राहिला.

एकदाच काय तो दाम देवाच्या नावात जाऊन बसला. दामोदर! दाम ज्याच्या उदराला आहे तो. भागवताच्या दहाव्या स्कंधातली ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. कृष्णाने दह्याचं मडकं फोडलं, यशोदा त्याला उखळाला बांधायला गेली आणि दोरी दोन बोटं कमी पडली. दुसरी जोडली, तरी दोन बोटं कमी. घरातल्या सगळ्या दोऱ्या जोडल्या तरी दोन बोटं कमीच. शेवटी घामाघूम झालेल्या आईकडे पाहून त्याने स्वतःच बांधून घेतलं. आपल्याकडे घराघरात दामू, दामोदर, दामूअण्णा असतात. त्यांना हाक मारताना आपण 'दावं पोटाला बांधलेला' असं म्हणतोय, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

इथवर सगळं छान आहे. शब्दांच्या मागे लागलं की असंच होतं, वेदापासून ग्रीसपर्यंत फिरून येता येतं आणि आपण फार काही शोधून काढलं असं वाटतं. पण दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की या सगळ्या फिरतीत मी एक प्रश्न विचारलाच नव्हता. दावं वळत कोण होतं?

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. तिथे दावी वळायचं काम मातंग समाजाचं होतं. आमच्याच गावाचं कशाला, बऱ्याच महाराष्ट्रात तेच होतं. बलुतेदारीच्या व्यवस्थेत शेतकऱ्याला लागणारे दोर, नाडे, कासरे, दावी, शिंकी, मुसकी, शिवाय घरातल्या केरसुण्या पुरवणं हे त्यांच्या वाट्याला आलेलं काम. बदल्यात सुगीला खळ्यावर धान्याचं बलुतं. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' १९१५ साली आलं, त्यात ही बलुत्याची रीत तपशीलवार वाचायला मिळते. वाचताना सगळं कसं सोयीचं, एकमेकांना धरून चाललेलं वाटतं. खळ्यावर सगळ्यांत शेवटी कोण उभं राहायचं, हे आठवलं की तसं वाटत नाही.

आमच्याकडे दावी घेऊन यायचे ते एक आजोबा होते. म्हणजे मी आज त्यांना आजोबा म्हणतोय. तेव्हा आम्ही आठ-दहा वर्षांची पोरं त्यांना अरे-तुरे करायचो, नावाचा अर्धा तुकडा तोडून हाक मारायचो. आणि ते सत्तरीचे गृहस्थ आम्हाला 'मालक' म्हणायचे. यात काही वावगं आहे असं तेव्हा कुणालाच वाटत नव्हतं. निदान आमच्या बाजूला तरी नाही.

त्यांचं काम मी तासन्‌तास पाहिलंय. आपण अंबाडीच्या पाल्याची भाजी खातो, त्याच अंबाडीच्या वाढलेल्या काड्या. दिवाळीच्या सुमारास त्या कापून भारे बांधायचे, ओढ्याच्या पाण्यात बुडवून वर दगड ठेवायचे. पंधरा-वीस दिवसांत साल कुजते. त्या पाण्याला असा काही वास सुटायचा की आम्ही नाक दाबून पळायचो. आजोबा आणि त्यांच्या घरची माणसं मात्र त्याच पाण्यात कमरेएवढं उभं राहून काड्यांवरची साल सोलायची, आपटून धुवायची, वाळवायची. तो झाला वाख. मग वाख विंचरून त्याचं सूत मांडीवर वळायचं. मांडीची कातडी कशी झालेली असे, ते लिहवत नाही.

पुढची करामत मला शाळेत विज्ञान शिकल्यावर कळली. अंबाडीचा एक धागा असून असून किती लांब असणार? दोन-तीन हात. मग त्याचा वीस-तीस हाती नाडा होतो कसा? पिळामुळे. पिळले की धागे एकमेकांना घट्ट चिकटतात, आणि दोर जितका ओढावा तितके जास्तच आवळतात. पण नुसता पिळलेला पेड हातातून सोडला की उलगडणार. म्हणून एकेक पेड एका अंगाने पिळायचा आणि तीन पेड एकत्र वळताना उलट्या अंगाने वळायचे. पेड आपल्या बाजूला सुटू पाहतात आणि दोर त्याच्या बाजूला. दोघांची ओढ एकमेकांना अडवून धरते आणि दोर टिकतो. हे गणित आजोबांच्या बोटांत होतं. त्यांना अक्षर येत नव्हतं.

श्रावणातल्या अमावास्येला आमच्याकडे पोळा. त्याच्या आदल्या दिवशी आजोबा नवी दावी, वेसणी, कासरे खांद्यावर टाकून यायचे. वाड्याच्या दारापर्यंत. ओटीवर नाही, दारापर्यंत. दावी जमिनीवर ठेवायचे, मागे सरायचे, मग आमच्यातलं कुणी तरी ती उचलायचं. बैलांच्या गळ्यात नवं दावं पडायचं आणि त्या बैलांना ओवाळून पुरणपोळी खाऊ घालायचे. त्यांना मात्र दाराबाहेर. एकदा मी नवं दावं वासराच्या गळ्यात घट्ट बांधलं, तेव्हा ते दारातूनच ओरडले होते, "मालक, दोन बोटं जागा ठिवा. जीव हाय त्यो."

दोन बोटं. भागवत वाचताना मला नेहमी हेच वाक्य आठवतं.

आमच्या वाड्यात श्रावणात पोथी चालायची. दामोदराची गोष्ट मी तिथेच पहिल्यांदा ऐकली. ज्या दोरीवर देवाचं नाव पडलं, ती दोरी वळणाऱ्याला ती पोथी ऐकायला आत येता येत नव्हतं.

हे आजचं शहाणपण नाही. १८५५ साली मुक्ता साळवे या मुलीने हेच विचारलं होतं. ती मातंग समाजातली, फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी, वय चौदाच्या आसपास. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ज्यांना धर्माची पुस्तकं पाहायचीही मुभा नाही त्यांचा धर्म तरी कोणता, असा तिचा सवाल होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५७ साली, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. आपल्या जुन्या शब्दांचा केवढा खजिना त्यात आहे! मी तो कोश गेली कित्येक वर्षं चाळतो. दोरांची नावं शोधायला मी कोश शंभर वेळा उघडला. मुक्ताचा निबंध मात्र वयाच्या चाळिशीनंतर वाचला. तोही कुणी तरी हातात दिला म्हणून.

पुढे काय झालं ते सांगायला नकोच. विहिरीवर इंजिन आलं, मोट गेली, मोटेबरोबर नाडा आणि सोंदूर गेले. ट्रॅक्टर आला, बैल गेले, कासरा गेला. बाजारात नायलॉनच्या, प्लास्टिकच्या रंगीत दोऱ्या आल्या, न कुजणाऱ्या आणि स्वस्त. खताच्या पोत्यांचे धागे काढूनही लोक दावी वळू लागले. जनावराच्या मानेला ते काचतं, केस जातात, जखमा होतात. तरी जिथे गुरं आहेत तिथे आता तेच दिसतं. आणि शब्दांचं म्हणाल तर सगळ्यांची मिळून एकच 'दोरी' झाली.

दावण मात्र शिल्लक आहे. पेपरात पुढारी तिला बांधले जातात. आणि दुष्काळात ती अचानक खरी होते. २०१२-१३ आणि २०१८-१९ साली आमच्या भागात चारा छावण्या पडल्या, तेव्हा छावणीत नको, दावणीला चारा द्या, अशी मागणी शेतकरी करत होते. तेव्हा कुणाला अर्थ विचारावा लागला नाही.

मागच्या वर्षी गावी एका लग्नात आजोबांचे नातू भेटले. जिल्ह्याच्या गावी शिक्षक आहेत. शेजारी बसून जेवलो, बोललो. मला राहवेना, म्हणून मी सांगितलं, "तुमच्या आजोबांनी वळलेलं एक दावं माझ्याकडे अजून आहे. वाडा पाडला तेव्हा सापडलं. अजून पीळ सुटला नाही. तुम्हाला हवं असेल तर आणून देतो."

ते हसले. म्हणाले, "नको दादा. राहू द्या तुमच्याकडेच."

मी म्हटलं, "एवढी कला होती त्यांच्या हातात. तुमच्या वडिलांनी पुढे चालवली नाही का?"

"आजोबांनी त्यांना शिकवलंच नाही," ते म्हणाले. "वडिलांनी वाखाला हात लावला तरी ते मारायचे. मुद्दाम शिकवलं नाही."

मग थोड्या वेळाने त्यांनी सहज विचारलं, "दादा, आजोबांचं पूर्ण नाव ठाऊक आहे का तुम्हाला?"

मला माहीत नव्हतं. सोंदूर आठवत होता, म्होरकी आठवत होती, ऋग्वेदातलं मंडलही आठवत होतं. नाव आठवत नव्हतं, कारण ते मला कधी माहीतच नव्हतं. त्यांनी सांगितलं. चांगलं तीन शब्दांचं, आजोबांचं, त्यांच्या वडिलांचं, आडनावासकट. मी घरी येऊन ते वहीत लिहून ठेवलं.

जुने शब्द मेले की मला वाईट वाटतं. तो स्वभावच झालाय आणि तो बदलेल असं वाटत नाही. पण हा शब्द मरावा म्हणून एका माणसाने स्वतःच्या हातातली विद्या स्वतःबरोबर नेली, आणि त्यामुळे त्यांचा नातू आज फळ्यासमोर उभा आहे. त्यांच्या घराने ज्याच्यातून सुटका करून घेतली, त्याचं मी कपाटात जतन करून ठेवतो. मला त्यात कोश दिसतो. त्यांना काय दिसत असेल, ते त्या 'नको दादा'मध्ये मला कळलं.

त्या सकाळी लेकीला मी अर्धंच सांगितलं होतं. गाव-नाव, आवळा-सावळा, दामोदर वगैरे. तिला ते आवडलंही. काल रात्री कपाटातून ते दावं काढून तिच्या हातात दिलं आणि उरलेलं अर्धं सांगितलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं, फाशात बोटं घालून पाहिली. मग विचारलं, "आणि त्या आजोबांचं नाव काय होतं?"

या वेळी मला सांगता आलं.